आठ दिवसांची माणसं

परवा गणपतीच्या आराशीचं सामान काढायला माळ्यावर चढलो आणि जुन्या ट्रंकेमागे एक फावडं सापडलं. दांडा तडकलेला, पात्याच्या खोबणीत लाल माती अजून घट्ट बसलेली. मुलगी खालून म्हणाली, "बाबा, हे भंगारात देऊन टाकू?" मी घाईघाईने नको म्हणालो. दासगावचं फावडं आहे ते, २००५ सालचं. तिला तसं सांगितलं, तर तिने सहज विचारलं, "म्हणजे तू तिकडे घरं बांधलीस का?"

उत्तर देता आलं नाही. घर मी एकही बांधलं नाही. चार दिवस माती उपसली आणि परत आलो. हा लेख त्या न दिलेल्या उत्तराचा आहे. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

*

मी तेव्हा महाड औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कंपनीत शिफ्ट इंजिनीयर होतो. बिरवाडीच्या बाजूला भाड्याच्या दोन खोल्या. २६ जुलै २००५ म्हटलं की लोकांना मुंबई आठवते, सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटर पाऊस आठवतो. ते बरोबरच आहे. पण आमच्या महाड तालुक्यात त्याच २५ आणि २६ जुलैच्या दरम्यान जुई, दासगाव, कोंडिवते आणि रोहण या गावांवर डोंगर खाली आले. दोनशेच्या आसपास माणसं गेली. महाड शहर सावित्री आणि गांधारीच्या पाण्यात होतं, महामार्ग तुटलेला, वीज नाही, फोन नाही. तालुक्यात एवढी माणसं गाडली गेली आहेत हे मुंबईला कळायलाही वेळ लागला, कारण मुंबई स्वतःच बुडालेली होती.

कोकणात दरड ही काही नवी गोष्ट नाही. आमच्याकडचा डोंगर म्हणजे खाली काळा कातळ आणि वर मातीमुरमाचा जाड थर. पाऊस मोजका असेल तर पाणी त्या थरातून झिरपून ओहोळाने निघून जातं. पण दोनतीन दिवस धो धो लागला की तो थर स्पंजासारखा फुगतो, जड होतो, कातळावरची त्याची पकड सुटते आणि अख्खा उतारच झाडांसकट घसरतो. खाली वाडी असते, कारण सपाट जमीन भाताला ठेवायची आणि घर डोंगराच्या पायथ्याला बांधायचं ही आपली पिढ्यान् पिढ्यांची रीत. रीत चुकीची नव्हती हो, भातशेती बुडवून घर कोण बांधेल?

रस्ता जरा चालता झाल्यावर वसाहतीतले आम्ही नऊजण दासगावला गेलो. फावडी, घमेली, दोन पहारी, एक दोरखंड. त्या चार दिवसांचं वर्णन करत नाही. एवढंच सांगतो की मातीखालून घर वर येत नाही, वस्तू वर येतात. कौलं, पाटा, शाळेचं दप्तर, एक देव्हारा. प्रत्येक वस्तूपाशी कोणीतरी थांबायचं आणि आम्ही फावडं बाजूला ठेवायचो.

पाचव्या दिवशी कंपनीचा निरोप आला की प्लांट सुरू करायचा आहे, हजर व्हा. निघताना एका आजीने चहा दिला. ती चुलत्यांच्या पडवीत राहत होती, तिचं स्वतःचं घर नव्हतं उरलं. म्हणाली, "आता परत कधी याल?" मी म्हणालो, "येतो की, पुढच्या रविवारी." पुढचा रविवार आला नाही. त्यापुढचाही नाही. आधी प्लांट, मग मुलीची शाळा, मग पुण्याची बदली.

*

महिन्याभरातच, २९ ऑगस्टला, अमेरिकेत कतरिना वादळ आलं. न्यू ऑर्लिन्सचे बंधारे फुटले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. आमचा आतेभाऊ (घरात सगळे त्याला बंड्या म्हणतात, तो वाचत असेल तर माफ कर रे) तेव्हा ह्यूस्टनला होता. त्याच्या ऑफिसातला एकजण आपल्या चर्चच्या गटाबरोबर घरं साफ करायला निघाला होता, बंड्या सहज म्हणून बरोबर गेला. आणि मग तीन वर्षं जात राहिला.

त्याने फोनवर सांगितलेलं अजून लक्षात आहे. तिकडची घरं लाकडी सांगाड्याची, आतून जिप्समच्या पाट्यांच्या भिंती. पाणी दोनतीन आठवडे साचून राहिलं, तेव्हा त्या पाट्या वडीसारख्या मऊ झाल्या आणि त्यांवर छतापर्यंत बुरशी चढली. त्यामुळे घर 'साफ' करायचं म्हणजे आतलं सगळं उचकटून काढायचं, नुसता लाकडी सांगाडा उरेपर्यंत. फ्रिज उघडायचा नाही, चिकटपट्टीने गुंडाळून तसाच फुटपाथवर नेऊन ठेवायचा. दारांवर शोधपथकांनी रंगाने मारलेल्या फुल्या, त्यात तारीख आणि आत किती माणसं सापडली तो आकडा. ही माणसं रात्री चर्चच्या हॉलमध्ये खाटा टाकून झोपत. सकाळी सातला पाच मिनिटं प्रार्थना, मग काम. बंड्या म्हणायचा, "आपल्याकडे पूजेला बसतात ना, तसे हे कामाला बसतात."

पण मला खरी गंमत वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. त्यातला प्रत्येक माणूस आठच दिवस येत होता. माझ्यासारखाच! शनिवारी यायचं, पुढच्या शनिवारी जायचं. फरक असा की तो गेला की त्याच्या जागी दुसरा येत होता आणि कोणत्या घराचं काम कुठवर आलंय याची वही तिथेच राहत होती. पहिल्या गटाने भिंती काढल्या, पाचव्याने वायरिंग केलं, बाराव्याने रंग दिला. कोणालाही पूर्ण घर बांधल्याचं समाधान नाही, पण घर मात्र पूर्ण.

मी विचारलं, ही पद्धत काढली कोणी? त्याने एका म्हाताऱ्या सुताराचं नाव सांगितलं, तो कॅन्ससचा, मेनोनाइट पंथाचा. मग मी वाचत सुटलो. (वाचनाचा हा नाद आमच्या घरी सगळ्यांना माहीत आहे.)

*

मेनोनाइट म्हणजे सोळाव्या शतकात युरोपात निघालेला ख्रिस्ती पंथ. शस्त्र हाती घ्यायचं नाही हा त्यांचा कडक नियम. त्यापायी देशोदेशी परागंदा झाले, बरेच शेवटी अमेरिकेत शेतकरी म्हणून स्थिरावले. एखाद्याचं धान्याचं कोठार जळालं तर सगळ्या पंचक्रोशीने जमून ते पुन्हा उभं करायचं ही त्यांच्यातली जुनी चाल. आपल्याकडे घर शाकारायला वाडी जमते तसंच. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या पोरांनी लढायला नकार दिला आणि त्याऐवजी सरकारने दिलेली नागरी कामं केली. युद्ध संपल्यावर त्यांना वाटायला लागलं की आपण 'नाही' म्हणालो ते ठीक, पण आपण काय करणार आहोत? त्यातून १९५० साली कॅन्ससमधल्या हेस्टन गावी त्यांची आपत्तीत धावून जाणारी संघटना सुरू झाली. पहिली कामं पुराचीच. कतरिनानंतर ती मंडळी त्या किनाऱ्यावर कित्येक वर्षं ठाण मांडून होती.

हे वाचताना मागे मागे जात मी एका स्विस इंजिनीयरपाशी पोचलो आणि तिथे थबकलो, कारण त्याचा रस्ता थेट आपल्या देशात येतो.

पिएर सेरेसोल, जन्म १८७९. वडील स्वित्झर्लंडचे राष्ट्राध्यक्ष होते. हा मात्र लष्करी कर भरायला नकार देऊन तुरुंगात जाणारा. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, फ्रान्समध्ये व्हर्दूंजवळच्या एन नावाच्या उद्ध्वस्त गावात तो मूठभर माणसं घेऊन गेला. त्यात जर्मनही होते. कल्पना अशी की ज्यांनी पाडलं त्यांच्याच हातांनी बांधायला मदत करायची. काही महिने काम चाललं, पण गावाच्या जखमा ओल्या होत्या. जर्मन माणसं नकोत असा विरोध झाला आणि ह्यांना काम सोडून जावं लागलं. म्हणजे या सगळ्या परंपरेची सुरुवातच अपयशाने झाली! मला त्याचं फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पुढे १९२७ च्या शरदात ऱ्हाइन नदीने लिख्टनश्टाइनमधली शेतं गाळाने भरून टाकली, तेव्हा १९२८ मध्ये सेरेसोलच्या हाकेला अनेक देशांतून सातशेवर स्वयंसेवक आले आणि त्यांनी शेतांतली वाळू आणि दगडगोटे उपसले. त्यांचं हत्यार एकच, फावडं. त्याची संघटना फावड्याच्याच चिन्हाने ओळखली जाऊ लागली.

आणि १५ जानेवारी १९३४ ला बिहारचा भूकंप झाला. हजारो माणसं मेली, जमिनीतून वाळू आणि पाणी उसळलं, उत्तर बिहारची सपाटी कुठे खचली, कुठे उचलली गेली. त्यामुळे नुसती घरं पडून भागलं नाही, पुढच्या पावसाळ्यांत जिथे कधी पूर येत नव्हता तिथे पूर यायला लागला. राजेंद्रप्रसाद तुरुंगातून सुटून मदत समितीचं काम बघत होते. सेरेसोल १९३४ मध्येच पाहणी करून गेला आणि मग सोबत्यांना घेऊन परत आला. सोबती म्हणजे तीन, जो विल्किन्सन, फ्रेझर हॉयलंड आणि पॉल शेंकर. चार माणसं! एवढ्या मोठ्या भूकंपाला चार युरोपियन काय पुरणार? पण १९३७ पर्यंत आलटून पालटून ते मुझफ्फरपूरच्या बाजूला राहिले आणि पुराच्या पट्ट्यातली वस्ती उंचावर हलवण्याच्या कामात गावकऱ्यांच्या बरोबरीने माती वाहिली. त्यातल्या एका नव्या गावाला शांतिपूर नाव मिळालं. १९३४ सालच्या हिंदुस्थानात गोऱ्या साहेबाने डोक्यावर घमेलं घेणं म्हणजे काय असेल, कल्पना करा. आणि आपल्यातल्या शिकलेल्यांना त्याने किती संकोच वाटला असेल, तेही.

सेरेसोल १९३६ मध्ये क्वेकर झाला. ही माणसं श्रद्धेतून येत होती यात शंका नाही. पण बिहारमध्ये त्यांनी कोणाला बाप्तिस्मा दिला नाही, आणि तो त्यांचा हेतूही नव्हता.

*

इथे एक प्रश्न मनात येणारच, तो मीच घेतो. चर्च आणि मदत हे दोन शब्द शेजारी आले की आपल्याकडे तिसरा शब्द येतो, धर्मांतर. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दुष्काळांत मिशनच्या अन्नछत्रांनी आणि अनाथाश्रमांनी माणसं जगवली, आणि त्यातले अनेक ख्रिस्तीही झाले. नगरकडे त्या काळात ख्रिस्ती झालेल्यांना पुढे त्यावरून टोमणे ऐकावे लागले. ते घडलंच नाही असं म्हणण्यात अर्थ नाही. भुकेल्या माणसाला भाकरी देताना त्यासोबत दुसरं काही द्यायचं का, हा प्रश्न त्या चर्चेसमध्येही वादाचा होता. आणि तो फक्त त्यांचा नाही. मदतीच्या ट्रकवर फलक लावणाऱ्या आपल्या प्रत्येक पक्षाचा, मंडळाचा, कंपनीचा तो प्रश्न आहे. घेणाऱ्याने काही परत द्यायचं आहे का? मत, कृतज्ञता, फोटो?

*

आपल्या महाराष्ट्रात या साऱ्याची मोठी परीक्षा झाली ती किल्लारीला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्रीच गणपती बोळवून लोक झोपले होते. जाड दगडमातीच्या भिंती आणि वर माळवदाचं ओझं. जवळजवळ आठ हजार माणसं गेली. मदतीला देशभरातून संस्था आल्या. त्यात चर्चच्याही होत्या, 'कासा' होती (ती १९४७ साली फाळणीच्या निर्वासितांसाठी सुरू झाली), 'कॅरिटास' होती. केरळच्या मलयाळ मनोरमा वृत्तपत्राच्या वाचकांनी पैसे जमवले आणि लातूर जिल्ह्यातलं बाणेगाव नव्याने उभारलं. त्याचा आराखडा लॉरी बेकर यांचा. तेही क्वेकर, युद्धात रुग्णसेवेसाठी चीनला गेलेले, परतीच्या बोटीची वाट बघताना मुंबईत गांधीजींना भेटलेले, आणि मग आयुष्यभर भारतात स्वस्त घरं बांधत राहिलेले.

पण किल्लारीत शिकायला मिळालं ते वेगळंच. ५२ गावं पूर्ण उठवून नव्या जागी वसवली. जमीन किती त्याप्रमाणे २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांचं घर. पक्कं, भूकंपात टिकणारं. संस्थांनी मनापासून बांधलं. पण नवं गाव जुन्याच्या कितीतरी पट पसरलेलं, सरळ रस्ते, रांगेत घरं, शेजारी बदललेला, गुरं बांधायला जागा नाही. बाकीच्या शेकडो गावांत मात्र सरकारने हप्त्याने पैसे आणि सामान दिलं आणि लोकांनीच घरं दुरुस्त केली किंवा बांधली. त्या कामात गावातल्या बायका पुढे आल्या, सिमेंट नीट भिजवलं का, कोपऱ्यात सळई घातली का हे गवंड्याला विचारू लागल्या. पुढे २००१ मध्ये कच्छच्या भूकंपानंतर घरमालकानेच घर बांधायचं, बाकीच्यांनी हात द्यायचा, हीच वाट जास्त वापरली गेली.

म्हणजे नुसतं येऊन बांधून देणं हीसुद्धा पुरती मदत नाही. बंड्याच्या गटाचा पहिला नियम असा होता की मालकाला विचारल्याशिवाय घरातली एकही वस्तू फेकायची नाही. मला आधी वाटलं होतं ही नुसती सभ्यता. आता वाटतं, सगळं गुपित त्यातच आहे.

*

२२ जुलै २०२१. पुन्हा तोच आठवडा. महाड पुन्हा पाण्यात गेलं, आणि तळीयेच्या कोंढाळकरवाडीवर डोंगर आला. ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीला तेच.

यावेळी मी गेलो. पुण्याहून सोसायटीतली दोन पोरं घेऊन, एका जुन्या सहकाऱ्याच्या महाडमधल्या घरी. तो आमच्या प्लांटवर फिटर होता. बाजारपेठेत तेव्हा माणसांचा महापूर होता. नवी मुंबई आणि ठाणे महापालिकांची पथकं होती, रेवदंड्याच्या धर्माधिकारी प्रतिष्ठानचे श्रीसदस्य गल्ल्यागल्ल्यांतून गाळ उपसत होते, ओळीने, फार न बोलता. त्यांना बघून मला न्यू ऑर्लिन्सच आठवलं. देव वेगळा, घमेलं तेच.

आठ दिवसांत गाळ निघाला. फिटर म्हणाला, "साहेब, आता तुम्ही जा. आता काही काम नाही." आणि मला दासगावची आजी आठवली. कारण काम तर आता सुरू होणार होतं! भिंतींत पाणी मुरलेलं, ती सुकायला दिवाळी उजाडणार, तोवर प्लास्टर करून उपयोग नाही. वायरिंग सगळं बदलायचं. खिडक्यादारं फुगलेली. पंचनाम्याचे कागद. या सगळ्यासाठी बाजारपेठेत तेव्हा कोणीही नसणार होतं.

म्हणून वही केली. साधी दोनशे पानी. काय झालं, काय राहिलं, कोण कधी जाणार. दिवाळीनंतर मी गेलो, वायरिंगला सोसायटीतला इलेक्ट्रिशियन आला, जानेवारीत पोरं रंगाला गेली. एकच घर हो, फार नाही. पण ते पूर्ण झालं, आणि रंग कोणता द्यायचा ते वहिनींनी ठरवलं. (पिस्ता. मला आवडलेला नाही.)

त्याच खेपेला दासगावला उतरलो. २००५ च्या दरडग्रस्तांपैकी अनेकांनी तात्पुरत्या म्हणून दिलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं काढली. दहा दहा पावसाळे उलटले तरी 'तात्पुरतं' संपलं नाही. तळीयेच्या माणसांनाही कंटेनरच्या घरांत राहावं लागलं, दोन वर्षांनंतरही पक्क्या घरांची वाट बघणं चालूच होतं. आजी नव्हती. तिच्या पुतण्याने ओळखलं नाही, पण चहा दिला. मी कोण, कधी आलो होतो ते सांगितलं. तो म्हणाला, "तेव्हा खूप लोक आले होते." एवढंच. तक्रारीचा सूर नव्हता. त्यात सगळं आलं.

*

तर मुलीच्या प्रश्नाचं उत्तर. नाही, मी दासगावला घर बांधलं नाही. मी आठ दिवसांचाही नव्हतो, चार दिवसांचा होतो. त्याची लाज वाटते, पण आता मला असंही वाटतं की चार दिवसांचं असणं हा गुन्हा नाही. बहुतेक माणसं तेवढीच मोकळी असतात. ते कॅन्ससचे सुतारही एकेका वेळी आठच दिवसांचे. चूक तिथे होती की माझ्या पाचव्या दिवसासाठी मी कोणाला सांगून आलो नाही. वही ठेवली नाही.

फावड्याला नवा दांडा बसवून आणलाय. माती तशीच ठेवली आहे.

असो. फार लांबलं. आत्या, तू पानशेतच्या पुरात, १९६१ साली, शाळेतल्या मुलींबरोबर पेठांतला चिखल काढायला गेली होतीस असं बाबा सांगायचे. किती दिवस गेलात, आणि मग पुढे त्या घरांचं काय झालं, हे एकदा लिहून पाठव. बाकीच्यांकडेही अशा आठवणी असतील तर जरूर कळवा. विशेषतः आठव्या दिवसानंतरच्या.